नादुरुस्त मोटर, एक नग

संघदीप मनवर मला पहिल्यांदा भेटला त्या दिवशी बोरी अरबमध्ये इतकं ऊन होतं, की सूर्य स्वतः ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सावलीला येऊन बसला होता. कावळे उडता उडता तळून खाली पडत होते आणि बसस्टँडवरचा भजेवाला गॅस न पेटवता भजी काढत होता. नेमका अशा दिवशी माझ्या घरचा कूलर बंद पडला. यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात नवरा बंद पडलेला चालतो, कूलर चालत नाही. आमच्या विमलनं एकदा कूलरकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि दोघांपैकी कोण दुरुस्त होण्यासारखं आहे याचा निकाल तिथल्या तिथे लावून टाकला.

"समाजमंदिरात ते केंद्र हाये ना, पोट्टे मोटरी भरायले शिकतात म्हणे. तिथं घेऊन जा. अन् फिरल्याशिवाय घरी येऊ नका."

मोटर फिरल्याशिवाय की मी, हे विचारायची ती वेळ नव्हती. कूलरची मोटर डोक्यावर घेऊन मी निघालो. घरापासून समाजमंदिर चारशे पावलं. त्या चारशे पावलांत माझं वजन तीन किलोनं घटलं, चपलेचा एक पट्टा वितळून डांबराला जाऊन मिळाला आणि डोक्यावरची मोटर पाहून एका चिमणीनं तिथे घरटं बांधायचा विचार सुरू केला. समाजमंदिराच्या दारात पोचलो तेव्हा माझ्यात माणूस थोडा आणि वाफ जास्त होती. आत कोणीच नव्हतं. एका टेबलाखालून फक्त दोन पाय बाहेर आले होते, अनवाणी, चांगले लांबलचक.

"गुरुजी," ते पाय म्हणाले, "मोटर खाली नका ठेऊ. पयले हलवा."

मी हलवली. आत काहीतरी खुळखुळलं.

"बुश गेलं. बाकी मोटर चांगली हाये," पायांनी सांगितलं.

माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरनं मला तीन वेळा तपासून, रक्त काढून, फोटो काढून शेवटी "वय झालं" असं निदान केलं होतं. इथे एका माणसानं टेबलाखालून, न बघता, नुसत्या आवाजावर माझ्या मोटरीचा आजार सांगितला होता. मग त्या पायांच्या मागून बाकीचा संघदीप हळूहळू बाहेर आला. पंचविशीचा, काटकुळा, कानामागे पेन्सिलऐवजी टेस्टर. दहा मिनिटांत त्यानं बुश बदललं, मोटर फिरवून दाखवली आणि आठ दिवसांनी दोन थेंब तेल टाका म्हणून बजावलं.

"कुठे शिकलास रे हे?"

"इथंच, गुरुजी. चौथ्यांदा शिकून राह्यलो."

"चौथ्यांदा?"

"तीनदा नापास झालो ना."

त्या थंडगार मोटरीची शपथ, माझ्या पंचवीस वर्षांच्या मास्तरकीत मी नापास मुलं खूप पाहिली, पण ज्या विषयात नापास त्याच विषयात इतका पक्का मुलगा पाहिला नव्हता. आणि खरं सांगायचं तर, बोरी अरबमध्ये चौदा वर्षं नोकरी करून त्या समाजमंदिरात मी पाय ठेवला तोही त्या दिवशी पहिल्यांदाच. मला तिथवर न्यायला एक कूलर जळावा लागला. तोही पुरता जळला नव्हता.

त्यानंतर मात्र मी तिथे वारंवार जाऊ लागलो. केंद्र चालवणाऱ्या संस्थेचं नाव होतं नवोन्मेष बहुउद्देशीय विकास संस्था. आपल्याकडे संस्थेचा उद्देश एकच असला तर लोकांना संशय येतो. वंचित घटकांतल्या तरुणांना त्यांच्याच वस्तीत धंदेशिक्षण द्यायचं आणि रोजगाराला लावायचं अशी ती योजना. केंद्रप्रमुख उत्तमसिंग राठोड. जवळच्याच तांड्यावरचा माणूस, पोटानं प्रशस्त, मनानं त्याहून प्रशस्त. बंजाऱ्यांच्या गोरबोलीत भावाला भिया म्हणतात. उत्तमसिंग जगातल्या यच्चयावत माणसांना भिया म्हणायचा. एकदा तपासणीला आलेल्या मॅडमनाही म्हणाला होता.

उत्तमसिंगच्या आयुष्यात तीस हा आकडा सर्वांत पवित्र होता. बॅच तिसाची. एकोणतीस झाले की बॅच रद्द, आणि त्या एकोणतिसांचे सहा महिने पाण्यात. त्यामुळे बॅच सुरू व्हायच्या आधी तो वस्तीत, तांड्यावर, कोलामांच्या पोडावर माणसं जमवत फिरायचा. कोणी भेटला की आधी शिक्षण विचारायचा नाही, आधार कार्ड विचारायचा.

मोटर वायंडिंगच्या, म्हणजे मोटरीत तांब्याची तार भरण्याच्या, वर्गाला शिकवायला पियुष सर होते. यवतमाळहून मोटारसायकलवर यायचे, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांचा डिप्लोमा फ्रीज आणि एसीचा. मोटर ही वस्तू त्यांनी मुख्यतः फ्रीजच्या मागच्या बाजूला पाहिली होती. पडद्यावर चित्रं दाखवून शिकवायचे. वीज असली की चित्रं, नसली की सुट्टी. आणि हाताळायला केंद्राकडे एक मोटर होती. तीन हॉर्सपॉवरची, विहिरीवर असते तसली, कोणाच्या तरी शेतातून निवृत्त झालेली. रजिस्टरमध्ये तिची नोंद अशी: 'नादुरुस्त मोटर, एक नग, प्रात्यक्षिकासाठी.' पोरं तिला म्हातारी म्हणायची. प्रत्येक बॅच म्हातारीला उघडायची, जळक्या तारांचे वेढे मोजायची, वहीत आकृती काढायची आणि होतं तसं परत बंद करायची. मोटर चालू करायची असते ही गोष्ट अभ्यासक्रमात नव्हती.

संघदीपच्या हातून चूक झाली ती इथेच. पहिल्याच बॅचमध्ये त्यानं ती मोटर दुरुस्त केली.

त्यासाठी दारव्ह्याच्या एका वायंडिंगवाल्याकडे तो आठ दिवस मोटरी उचलायला गेला आणि बदल्यात तांब्याची तार घेऊन आला. चार रविवार समाजमंदिराची किल्ली मागून एकटाच बसला. पाचव्या सोमवारी सकाळी त्यानं बटण दाबलं. म्हातारी आधी गुरगुरली, मग थरथरली, आणि मग असली फिरली की अर्धी वस्ती बघायला आली. संघदीपची माय सत्यशीला निंदणाला निघाली होती, ती विळा हातात घेऊनच आत आली आणि "माह्या पोरानं केली, माह्या पोरानं केली" असं ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही सांगत सुटली. तेवढ्यात उत्तमसिंग धावत आला.

"कोणं सुरू केली?"

"म्या केली, सर."

"काहून?"

संघदीपला प्रश्नच कळेना. "बंद होती म्हून," तो म्हणाला.

"अरे भिया, ते बंदच पाहिजे ना! रजिस्टरमध्ये नादुरुस्त लिहेल हाये. परवा तपासणी हाये. साहेब म्हणतीन, नादुरुस्त मोटर दाखवा. काय दाखवू? अन् पुढची बॅच काय शिकन? चालू मोटरीत काय शिकते माणूस?"

नोंद बदलता आली असती. त्याला आधी यवतमाळची मंजुरी, मग अमरावतीची, मग नागपूरची लागली असती, आणि तपासणी परवावर होती. पियुष सरांनी हळूच सुचवलं की मोटर परत जाळावी. पण जाळायची कशी हे त्यांना माहीत नव्हतं. एसीवाले लोक एसी जाळत नाहीत. सगळ्यांनी संघदीपकडे पाहिलं.

आमच्या भागात मोटर कशी जळते हे पोराटोरांना माहीत असतं. तीनपैकी एक फेज गेली आणि वर लोड असला की ती घुमते, तापते आणि धूर सोडते. संघदीपनं एक फ्यूज काढला आणि फिरत्या दांड्यावर लाकडाचा ठोकळा आवळून धरला.

"आवाज बदलला ना गुरुजी," पुढे एकदा त्यानं मला सांगितलं, "तवा हात आपोआप स्विचकडे गेला. मंग म्या हात मांडीखाली दाबून धरला."

समाजमंदिराच्या खिडक्यांतून काळा धूर निघाला. तपासणी उत्तम झाली. नादुरुस्त मोटर, एक नग, साहेबांनी स्वतः मोजली.

या प्रकारात उत्तमसिंगच्या एक गोष्ट लक्षात आली. मोटर भरता येणारा आणि जाळता येणारा असा या केंद्रात एकच माणूस आहे, आणि तो शिकवणारा नाही, शिकणारा आहे. खरं तर त्याला मदतनीस म्हणून ठेवायला हवं होतं. पण योजनेत मदतनीसाची जागा नव्हती. योजनेत दोनच जाती, प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी. संघदीपला केंद्रात ठेवायचं तर प्रशिक्षणार्थी म्हणून ठेवायचं, आणि पास झालेल्याला परत प्रशिक्षणार्थी होता येत नाही.

उत्तमसिंग कपटी नव्हता, हे मी कोर्टात सांगायला तयार आहे. त्यानं संघदीपला नापास करायचं असं कधीच ठरवलं नाही. ते रोडग्यांमुळे होत गेलं.

परीक्षा घ्यायला नागपूरहून साहेब यायचे. त्यांना जेवायला रोडगे लागायचे. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले, बाहेरून राखेचे, आतून पदरापदराचे, तुपात बुडवलेले, सोबत वांग्याची भाजी. आणि अख्ख्या केंद्रात रोडगे भाजावेत तर संघदीपनं. पहिल्या परीक्षेला तो समाजमंदिराच्या मागे रोडगे उलटत बसला होता. साहेबांनी जेवायच्या आधी परीक्षा उरकली, फोटो काढले, अंगठे घेतले आणि पानावर बसले. संघदीप ताट वाढायला आला तेव्हा त्याच्या नावापुढे 'अनुपस्थित' लागलं होतं. अनुपस्थित म्हणजे नापास. साहेब त्याला म्हणाले, "रोडगे एक नंबर."

"पुढच्या बॅचले पयला नंबर तुहाच, भिया," उत्तमसिंगनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

दुसऱ्या परीक्षेलाही तेच साहेब आले, आणि येण्याआधी त्यांनी फोनवर रोडग्यांची चौकशी केली. तिसऱ्यांदा तर कोणी काही ठरवावंसुद्धा लागलं नाही. परीक्षेची तारीख आली आणि वस्तीतल्या बायांनी आपणहून गोवऱ्या आणून टाकल्या.

असं होता होता वर्षातून दोनदा म्हातारी सजायची आणि दोनदा सती जायची. सहा महिने संघदीप पहिल्या बाकावर बसून मागच्या एकोणतिसांना मोटर भरायला शिकवायचा. पियुष सर दारात उभे राहून मान डोलवायचे आणि मध्येमध्ये स्वतःच्या वहीतही काही टिपायचे. शेवटी मोटर फिरायची, टाळ्या पडायच्या आणि तपासणीच्या आधी संघदीप तिला पुन्हा जाळायचा.

"मग तू स्वतःचं दुकान का टाकत नाहीस?" मी त्याला विचारलं. शहाणपणाचे प्रश्न विचारायचा मला सरकारी पगार मिळतो.

सत्यशीलानं मध्येच उत्तर दिलं. ती बोलायला लागली की संघदीप कोपऱ्यात सरकून बसायचा. "कोण देईन त्याले मोटर, गुरुजी? सारं गाव पाह्यते ना, दर सहा महिन्यानं समाजमंदिरातून धूर निंगते. परवा त्या नाक्यावरच्याची मोटर बंद पडली. म्या म्हणलं, दे माह्या पोराजवळ. तो म्हणे, नको बाप्पा, ते मोटरी जाळणारं पोट्टं हाये."

"खोटं नाई म्हणत तो," संघदीप म्हणाला.

"तू गप रे! मोटर भरते तवा दार लावून भरते, जाळते तवा खिडक्या उघडून जाळते. असं कोणी करते काय?"

"धूर होते ना माय. खिडक्या लावल्या त मी मरन."

चौथ्या बॅचच्या प्रमाणपत्र वाटपाला उत्तमसिंगनं मला प्रमुख पाहुणा केलं. स्वयंरोजगारावर भाषण करायला आपल्याकडे कायम नोकरीतला माणूस लागतो. मी तासभर बोललो. आत्मविश्वास, जिद्द, चिकाटी, सगळं सांगितलं. एकोणतीस पोरांना कागद मिळाले. संघदीप माझ्यामागे टेबलफॅन धरून उभा होता, कारण फॅन थांबला की एका बोटानं तो चालू करणं फक्त त्यालाच जमायचं.

पाचवी बॅच सुरू असताना, जानेवारीत, समाजमंदिराच्या पटांगणात रोजगार मेळावा भरला. तीन कंपन्या येणार होत्या, एक आली. लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका सूतगिरणीचे देखभाल विभागाचे फोरमन विठ्ठलराव. साठीला टेकलेला, मोजकं बोलणारा माणूस. मांडवात मोठा पंखा लावला होता. संघदीप खुर्च्या मांडत होता, आणि जाता जाता स्वतःशीच म्हणाला, "बेअरिंग चालली. दोन दिस काढन."

विठ्ठलरावांनी कान टवकारले. ते उठून पंख्याजवळ गेले, डोळे मिटून ऐकलं आणि संघदीपला हाक मारली. मग पुढचा अर्धा तास माझं भाषण सुरू असताना ते दोघं मांडवाच्या कोपऱ्यात उकिडवे बसून जमिनीवर काडीनं मोटरीच्या आकृत्या काढत होते. माझ्या आयुष्यात माझ्या भाषणाकडे पाठ फिरवणारे पुष्कळ झाले, पण इतक्या योग्य कारणासाठी कोणी फिरवली नव्हती.

निघताना विठ्ठलराव म्हणाले, "माह्या हाताखालचा माणूस रिटायर होऊन राह्यला. एकतीस मार्चपर्यंत जागा धरून ठेवतो. पण कागद पाहिजे, पोरा. मोटर वायंडिंगचं सर्टिफिकेट. कागदाशिवाय मीच तुले गेटाच्या आत घेऊ शकत नाही."

ही गोष्ट सत्यशीलाला सांगितली तेव्हा तिनं पगार विचारला नाही. "गळ्यात पट्टीचं कार्ड देतीन काय?" तिनं विचारलं. "देतात," मी म्हणालो. "मंग ते घालून एकडाव बसस्टँडवरून घरी येऊ द्या त्याले. नाक्यावरून. हळूहळू चालत."

आता सगळं ठरलं. मोटरची परीक्षा चोवीस मार्चला. उत्तमसिंगनं वस्तीतल्या बुद्धविहारासमोर उभं राहून शब्द दिला की या वेळी संघदीप परीक्षेला बसणार. राहिला प्रश्न रोडग्यांचा. तो मी अंगावर घेतला. दोन रविवार संघदीपनं मला रोडगे शिकवले. माझ्याकडून एकही गोल झाला नाही, पण तो इतक्या धीरानं शिकवत होता की हा पोरगा पाच बॅच प्रशिक्षक का होऊ शकला नाही, असा प्रश्न माझ्यासारख्या मंद विद्यार्थ्यालाही पडावा.

केंद्रात त्याच वेळी शिवणकामाचीही एक बॅच सुरू होती. तीस बाया, त्यांत सत्यशीला. तिचं वय आधार कार्डावर चव्वेचाळीस, आणि योजनेत पंचेचाळीस लागलं की बाद, म्हणून ती म्हणायची की माझी ही शेवटचीच गाडी आहे. बारा मार्चला त्यांची परीक्षा. आणि नऊ तारखेला त्यातल्या दीपमालाचं महागावला लग्न जमलं. दोन दिवसांत साखरपुडा आणि लग्न दोन्ही उरकून ती निघूनही गेली.

एकोणतीस.

उत्तमसिंग संघदीपच्या घरी आला तेव्हा मी तिथेच होतो, रोडग्यांचा तिसरा पाठ सुरू होता. इतक्या मोठ्या माणसाचा चेहरा इतका लहान झालेला मी पाहिला नव्हता.

"नाव बदलायले आजचा दिवस हाये, भिया. वस्तीत कोणी बाई उरली नाही. ज्या हायेत त्याइचं वय बसत नाही, नाहीतर अंगठा लागत नाही. तुह्यं आधार माह्याजवळ हायेच. नुसतं नाव टाकतो."

"नाई," सत्यशीला म्हणाली. "माह्या बॅचसाठी माह्या लेकाचं नाव नका घालू."

"नुसतं नाव हाये बाई. वरच्या ऑफिसले फोन करून विचारलं. म्हणते, चालते. तिकडे नाव, इकडे परीक्षा."

"कोणं म्हणलं चालते?"

"फोनवरच्यानं."

"त्याचं नाव काय?"

उत्तमसिंगनं त्याचं नाव विचारलं नव्हतं. संघदीपनं परातीतला गोळा मळून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "माय, एकोणतीस बायाइचे सहा महिने हायेत. अन् तुह्यं काय, पुढच्या बॅचले तू पंचेचाळीसची होशीन."

"होऊ दे ना."

"टाका नाव, सर," संघदीप म्हणाला.

मी तिथे होतो. शहाणा, शिकलेला, पंचवीस वर्षं नोकरी केलेला. मी म्हणालो, "नुसतं नाव तर आहे." हे वाक्य मला पुढे अनेकदा आठवायचं होतं.

बारा मार्चला शिवणकामाच्या परीक्षेला एक मॅडम आल्या. नवा नियम, प्रत्येक उमेदवाराचा मशीनवर बसलेला फोटो पाहिजे. म्हणून एकोणतीस बायांच्या शेवटी संघदीपला मशीनवर बसवलं. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मॅडम गंभीरपणे म्हणाल्या, सरळ टीप मारून दाखवा. आता केंद्रातल्या सगळ्या शिवणयंत्रांच्या मोटरी संघदीपनंच दुरुस्त केल्या होत्या, आणि दुरुस्त झाली की नाही हे बघायला प्रत्येक वेळी चिंध्यांवर दोन-दोन हात टीप मारून पाहिली होती. त्यानं कापड सरकवलं आणि फुटपट्टीनं ओढल्यासारखी टीप मारली. ब्याण्णव टक्के. सत्यशीलाला एकसष्ट.

"आता माह्यं पोलकं यालेच टाकीन शिवायले," ती म्हणाली, आणि त्या दिवशी आम्ही सगळे पोट दुखेपर्यंत हसलो.

चोवीस मार्चला मी सकाळपासून समाजमंदिराच्या मागे आरासमोर बसलो. समोर पंधरा रोडगे, प्रत्येकाचा आकार वेगळा. आत परीक्षा सुरू झाली. या वेळचे साहेब नवे होते, तरुण, नम्र, हातात टॅब. मी खिडकीतून बघत होतो. संघदीप इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, पियुष सरांचा असावा. पाच बॅचमध्ये पहिल्यांदाच तो परीक्षेच्या दिवशी समाजमंदिराच्या आतल्या बाजूला होता. त्याचा नंबर आला. त्यानं अंगठा ठेवला. साहेबांनी पाहिलं, पुन्हा ठेवायला सांगितलं. पुन्हा पाहिलं. मग त्यांचा चेहरा उजळला.

"अहो, तुम्ही तर आधीच प्रमाणित आहात! शिवणयंत्र चालक, ब्याण्णव टक्के. अभिनंदन!"

"सर, ते नुसतं नाव होतं," संघदीप म्हणाला. "माही परीक्षा ही हाये."

"एका आधारवर एकच प्रमाणपत्र. तुमचं नाव बारा तारखेलाच या यादीतून निघालंय. प्रतीक्षा यादीतलं एक नाव वर आलंय."

मोटरच्या वर्गाला पोरं नेहमीच जास्त असायची. आकडा तीसच होता, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. उत्तमसिंग तर रोज सकाळी आकडा बघायचा. तीस दिसले की टॅब मिटायचा.

उत्तमसिंगनं यवतमाळला फोन लावला, अमरावतीला लावला. फोनवरचा तो माणूस कोण, हे शेवटपर्यंत कळलं नाही. साहेब खरंच हळहळले. म्हणाले, तुमचं प्रमाणपत्र रद्द करायचा अर्ज करता येईल, पण मग बारा तारखेची बॅच एकोणतिसाची होईल. संघदीपनं खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर सत्यशीला उभी होती, हातात वांगी चिरायची विळी. तिनं ऐकलं होतं. ती जोरजोरात मान हलवून त्याला अर्ज कर म्हणून खुणावत होती. तिच्या मागे बाकीच्या बाया होत्या. त्या काहीच खुणावत नव्हत्या.

"राहू द्या, सर," संघदीप म्हणाला.

मग बाकीच्यांची परीक्षा सुरू झाली. दोन पोरांना वेढ्यांचा हिशेब आठवेना. संघदीप भिंतीला टेकून उभा होता. साहेबांची नजर चुकवून त्यानं बोटांनी आकडा दाखवला. आणि नाकानं हवा हुंगून मला म्हणाला, "गुरुजी, रोडगे जळून राह्यले."

खरंच जळाले होते. साहेबांनी तक्रार केली नाही. ते डबा घेऊन आले होते.

सूतगिरणीतली जागा त्याच बॅचमधल्या एका पोराला मिळाली. संघदीपच त्याला एकोणतीस मार्चला लोहाऱ्याला घेऊन गेला. विठ्ठलरावांनी कागद पाहिला, मग संघदीपकडे पाहिलं, आणि चहा मागवला.

एकोणतीस बायांना कागद मिळाले. बोरी अरबमध्ये आता ब्लाउज शिवणाऱ्या इतक्या आहेत की ब्लाउज शिवायला टाकणारी शोधावी लागते. त्या एकमेकींचेच शिवतात. सत्यशीला निंदणाला जाते. सहाव्या बॅचला मोटर सुरू करणारं कोणी नव्हतं, त्यामुळे जाळावीही लागली नाही, आणि रजिस्टरमधली ती नोंद पहिल्यांदाच बिनधुराची खरी ठरली. संघदीपच्या नावे आता कुठलंच प्रशिक्षण घेता येत नाही. त्या शिवणकामाच्या बॅचमधून नोकरी लागलेला उमेदवार मात्र एकच, आणि संस्थेच्या फलकावर मशीनवर बसलेला त्याचा फोटो आहे. उत्तमसिंगनं महिनाभर लोहाऱ्याच्या खेपा घालून संघदीपला ती नोकरी मिळवून दिली. गळ्यात पट्टीचं कार्डही आहे. पहिल्या दिवशी ते घालून तो बसस्टँडवरून, नाक्यावरून, हळूहळू चालत आला. सत्यशीला दारात उभी होती. तिनं कार्ड हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं, मला वाचायला दिलं. 'हेल्पर, शिलाई.'

संघदीप सध्या लोहाऱ्याच्या एका डाळ मिलमध्ये पोत्यांची तोंडं शिवायच्या मशीनवर असतो. मशीनची मोटर जळाली की यवतमाळहून मेकॅनिक बोलावतात.